सहाशे दोन पौंड

सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय. लांबणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढे सरकावं.

सिनेमावाल्यांच्या एका ग्रुपवर आज कुणीतरी 'आजवरचे सर्वांत टुकार चित्रपट' अशी यादी टाकली. तिच्यात 'रन फॉर युअर वाइफ' होता. सोबत माहिती अशी की २०१३ च्या फेब्रुवारीत हा ब्रिटिश विनोदी सिनेमा लागला, काढायला नऊ लाख पौंड लागले आणि नऊ थिएटरांत मिळून पहिल्या वीकेंडला गल्ला जमला ६०२ पौंड. खाली हसून हसून रडणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांग. तोवर मी गप्प होते. आकडा तेव्हाच्या पेपरांत सगळीकडे छापून आला होता, नवीन काही नाही. पण मग आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी खाली लिहिलं. त्यांना मी लहानपणापासून काका म्हणते, नाटक बघायला मी त्यांच्याकडूनच शिकले. त्यांनी लिहिलं की फार्स (गैरसमज आणि धावपळीवर चालणारं विनोदी नाटक) म्हटला की आणखी काय होणार, दारं आपटायची आणि पँटी सोडायच्या, बिनडोक प्रकार. आणि त्यावर आपल्यातल्याच कितीतरी जणांनी अंगठे दिले. नाटकवाल्यांनी दिले! ज्यांनी राज्य नाट्य स्पर्धेसाठी रात्र रात्र तालमी केल्यात, त्यांनी दिले. मग मला राहवेना.

सिनेमा वाईट आहे. झालं, कबूल केलं. मी तो पूर्ण पाहिलाय आणि हसू म्हणून आलं नाही. पण म्हणून नाटकाचा एक अख्खा प्रकार निकालात काढायचा? एका सिनेमाच्या गल्ल्यावरून?

हा सिनेमा ज्यावरून केला ते ब्रिटिश नाटककार रे कूनीचं त्याच नावाचं नाटक १९८३ च्या मार्चमध्ये लंडनला शाफ्ट्सबरी थिएटरात लागलं. पहिल्या संचात रिचर्ड ब्रायर्स आणि बर्नार्ड क्रिबिन्स होते. तिथून ते क्रायटेरियन थिएटरला गेलं, नट बदलले, पुढे थिएटरंही बदलली, आणि १९९१ च्या डिसेंबरपर्यंत ते वेस्ट एंडमध्ये, म्हणजे लंडनच्या नाट्यगृहांच्या भागात, चालूच राहिलं. थॅचरबाईंची सत्ता गेली तरी हे नाटक उभं होतं. एवढी वर्षं तिकीट काढून येणारी माणसं सगळी बिनडोक होती का? न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर १९८९ साली ते जेमतेम महिनाभर टिकलं, हेही खरं. असू दे.

गोष्ट एका टॅक्सीवाल्याची. जॉन स्मिथला दोन बायका, एक विम्बल्डनला, एक स्ट्रेथमला. दोघींना एकमेकींचा पत्ता नाही. टॅक्सीच्या पाळ्या वहीत आखून तो दोन्ही संसार मिनिटाच्या हिशेबावर चालवतो. एका रात्री गुंड एका म्हातारीला लुटत असताना तो मधे पडतो, मार त्याच्याच डोक्याला बसतो, आणि अर्धवट शुद्धीत तो कुणाला एका घरचा पत्ता सांगतो, कुणाला दुसऱ्या. झालं. दोन ठाण्यांचे दोन पोलीस दोन घरांत, पेपरात शूर नागरिक म्हणून फोटो. आता तो फोटो बायकोच्या नजरेला पडता कामा नये, पोलिसांची एकमेकांशी गाठ पडता कामा नये, आणि वरच्या मजल्यावरचा बिचारा स्टॅन्ली गार्डनर मदतीला म्हणून जे जे बोलतो त्याने गुंता वाढतच जातो.

दोन बायका फसवणारा माणूस नायक, बायका मात्र रडायला, आणि समलिंगी शेजाऱ्यावरचे विनोद आज ऐकवत नाहीत. खरंय. मलाही ते खुपतं. पुढे.

कारण रंगमंचावर काय आहे ते काकांनी बघितलेलंच नाही. तिथे दोन घरं शेजारी शेजारी मांडलेली नाहीत. एकच दिवाणखाना आहे. तोच विम्बल्डन, तोच स्ट्रेथम, दोन्ही एकाच वेळी. एक बायको सोफ्यासमोरून जाते तेव्हा दुसरी त्याच सोफ्यामागे उभी असते, आणि दोघी एकमेकींना दिसत नाहीत, कारण त्यांच्यामध्ये काही मैलांचं लंडन आहे. ते मधलं लंडन प्रेक्षकाने स्वतःच्या डोक्यात धरून ठेवायचं. बिनडोक म्हणे! दोन तास सलग इतकं लक्ष द्यायला लावणारी गंभीर नाटकं मला दाखवा कुणीतरी.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. मी इंग्लंडात आले तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. लंडनपासून तासाभरावरचं गाव, हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार. लायब्ररीतल्या फळ्यावर तिथल्या हौशी नाट्यमंडळाची चिठ्ठी दिसली, पडद्यामागे माणसं हवीत म्हणून. गेले. ते हेच नाटक बसवत होते. नाटकातले फोन वाजवायचं काम माझ्याकडे आलं. विंगेत टेबलाशी बसायचं, समोर दोन बटणं, दोन वेगळ्या आवाजांच्या घंट्या, एक विम्बल्डनची, एक स्ट्रेथमची.

एका जागी जॉन पोलिसाला कसाबसा वाटेला लावतो, दार बंद करतो, खुर्चीकडे येतो आणि बसतो. मग फोन वाजतो. संहितेत घंटा लिहिली होती, मी ती वाजवत होते, आणि त्या जागी कुणी म्हणजे कुणी हसत नव्हतं. स्टेज मॅनेजर होत्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई, कमी बोलणाऱ्या. त्या एका संध्याकाळी माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, तो बसल्यावर वाजवू नकोस. त्याचे गुडघे वाकलेत पण खुर्चीला अंग लागलेलं नाही, तेव्हा वाजव. अर्धा सेकंद. तेवढाही नसेल. मी वाजवली, आणि नेपथ्य रंगवत बसलेली माणसं, ज्यांना ते नाटक एव्हाना पाठ झालं होतं, ती हातातला ब्रश थांबवून हसली. बसल्यावर वाजला तर तो नुसता फोन असतो. बसता बसता वाजला की त्या माणसाला नशीब टेकूही देत नाहीये, हे सगळ्यांना एकदम कळतं.

मला सांगा, हे कोणत्या अर्थाने बिनडोक आहे?

आता सिनेमात काय केलं? घरं दोन केली. खरीखुरी, वेगवेगळी, दारंखिडक्यांसकट. कॅमेरा एका घरातून उचलला की दुसऱ्या घरात. प्रेक्षकाने मनात धरायचं लंडन पडद्यावर आयतं दाखवून टाकलं, मग प्रेक्षकाला उरलं काय? नाटकात सगळं सलग वेळात चालतं. पहिला अंक जिथे संपतो तिथून दुसरा सुरू. जॉनला श्वास घ्यायला जागा नाही हे आपल्याला कळतं, कारण आपल्यालाही ती नसते. सिनेमात कट आला की श्वास घेता येतो. दृश्य बदललं, रस्ता दिसला, टॅक्सी दिसली, लंडनची हवा खाऊन झाली. आणि तेवढ्यात धोका विरून गेला. मी ज्या अर्ध्या सेकंदासाठी संध्याकाळ संध्याकाळ विंगेत श्वास रोखून बसत होते, तो संकलनाच्या टेबलावर हवा तसा कापता येतो, मान्य. पण तो कुणासाठी कापायचा? तिथे हसणारं कुणी बसलेलं नसतं.

ह्याच्यावर माझा खरा राग आहे. हशा हा फार्सच्या बाहेरचा नाही. तो त्यातला एक नट आहे. आमच्याकडे जॉनचं काम करणारा गृहस्थ एरवी नळदुरुस्ती करायचा, नाट्यशिक्षण शून्य, पण त्याला एक गोष्ट उपजत येत होती. हशा चढला की तो थांबायचा, उतरायला लागला की पूर्ण उतरू न देता पुढचं वाक्य टाकायचा. त्यामुळे लोकांना पूर्ण हसूनही घेता यायचं नाही आणि थांबताही यायचं नाही. शनिवारच्या रात्री हॉल भरलेला असायचा, तेव्हा माझी ती फोनची घंटा हशात बुडून जायची आणि मला ती लांबवावी लागायची. दुपारच्या प्रयोगाला मोजकी म्हातारी माणसं, कोट अंगावर तसेच. तेव्हा तेच नाटक तो गृहस्थ दीडपट वेगात करायचा, मीही घंटा तोडून वाजवायचे, कारण हशासाठी मोकळी सोडलेली जागा रिकामी राहिली की ती शांतता नटाला गिळते. तेच शब्द, तीच माणसं, पण दुपारचं नाटक वेगळं आणि रात्रीचं वेगळं.

सिनेमा एकदाच ठरतो. हशासाठी जागा सोडली आणि कुणी हसलं नाही तर ती जागा कायमची मोकळी. आणि ६०२ पौंड नऊ थिएटरांत वाटा, एका थिएटरच्या वाट्याला सत्तर पौंडही येत नाहीत, अख्ख्या वीकेंडचे. म्हणजे अंधारात विखुरलेली पाच-सहा डोकी. त्यांच्यापुढे जगातला कुठलाही फार्स लावा, मरेल. मोकळ्या हॉलात फार्स बघणं हा त्या माणसांवरही अन्याय आणि त्या नटांवरही. आणि लोक त्या रिकाम्या खुर्च्यांवरच हसतायत!

सिनेमाच्या दिग्दर्शनात कूनी स्वतः होता, जॉन ल्यूटनबरोबर, तेव्हा बाहेरच्या कुणी वाट लावली असं म्हणता येत नाही. ठीक आहे, नाही म्हणत.

जरा थांबून चहा करून आले. राग थोडा खाली आलाय, म्हणून हेही लिहिते. कूनीचा जन्म १९३२ चा. हा सिनेमा लागला तेव्हा तो ऐंशीचा होता. ऐंशीव्या वर्षी माणूस स्वतःच्या सगळ्यात गाजलेल्या नाटकाचा सिनेमा करायला उभा राहतो, आणि डॅनी डायर, डेनिस व्हॅन आउटन, सारा हार्डिंग, नील मॉरिसी ही मुख्य कामांतली मंडळी सोडली तर बाकी चेहरे कोण? ज्युडी डेंच त्या रस्त्यावरच्या म्हातारीचं काम करते. ज्युडी डेंच! क्लिफ रिचर्ड क्षणभर दिसतो. आणि ब्रायर्स आणि क्रिबिन्स, १९८३ चे ते दोघे, तेही झलक देऊन जातात. ब्रिटिश रंगभूमीच्या कितीतरी जुन्या माणसांनी त्याच्यासाठी एवढ्या एवढ्या कामांना होकार दिला. असं कुणासाठी कुणी उगाच करत नाही. सिनेमा लागला १४ फेब्रुवारीला आणि १७ ला रिचर्ड ब्रायर्स गेले. ज्या दिवसांत लोक त्या आकड्यावर हसत होते, त्याच दिवसांत. त्या यादीखालची पिवळी तोंडं बघताना मला ते आठवत होतं, आणि घशाशी काहीतरी येत होतं.

कूनी हा काही विनोद खरडून पैसे मिळवणारा माणूस नाही. तो १९५० च्या दशकात व्हाइटहॉल थिएटरात ब्रायन रिक्सच्या कंपनीत नट म्हणून शिकला. पुढे स्वतः लिहायला लागल्यावर नाटक आधी वाचून दाखवायचं, मग लहान जागी प्रयोग लावायचे, लोक कुठे हसतात कुठे नाही ते बघून पुन्हा लिहायचं, आणि मगच लंडनला आणायचं, ही त्याची पद्धत. विनोदी गोष्ट शोधू नका, शोकांतिका शोधा, असं तो सांगत आलाय. विचार करा ना, जॉन स्मिथच्या जागी खरा माणूस असेल तर त्याचं सगळं आयुष्य त्या दोन तासांत कोसळतंय. आमच्या त्या शाळेच्या बाई नटांना हेच सांगायच्या. तुम्ही गंमत करू नका, तुम्ही घाबरा. नळवाला गृहस्थ खरंच घाबरायचा. त्याच्या मानेवरचा घाम मला विंगेतून दिसायचा.

आणि ब्रायन रिक्स. काका, तुम्ही पँटी सोडायच्या म्हणालात ना, तर रंगमंचावर पँट सुटण्यासाठीच जो माणूस इंग्लंडभर ओळखला जायचा तो हाच. त्याच्या मुलीला डाऊन सिंड्रोम होता. गतिमंद मुलांना तेव्हा संस्थांमध्ये टाकून लोक विसरून जात. पुढे हा माणूस थिएटर सोडून त्यांच्यासाठी काम करणाऱ्या मेनकॅप संस्थेचा प्रमुख झाला आणि नंतर लॉर्ड होऊन संसदेत त्यांच्या हक्कांसाठी भांडत राहिला, अगदी शेवटापर्यंत. फार्स करणारी माणसं उथळ असतात असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वाचावं. उगाच नाही मला चीड येत.

सगळेच फार्स सिनेमात मेले असंही नाही. बेन ट्रॅव्हर्सचं 'रुकरी नूक' १९२६ साली ऑल्डविच थिएटरात गाजलं आणि १९३० साली त्याचा बोलपट झाला. टॉम वॉल्स, राल्फ लिन, रॉबर्टसन हेअर, सगळी रंगमंचावरचीच मंडळी. बोलपट तेव्हा नवे, आवाजाच्या यंत्रांमुळे कॅमेरा फारसा हलायचा नाही. समोर उभं राहून नाटक टिपल्यासारखं. आजच्या डोळ्यांना ते जुनाट वाटेल, वाटू दे, पण नट एका चौकटीत एकत्र दिसतात, कोण कुठून येतोय आणि कुणाला काय दिसत नाहीये ते आपल्याला दिसतं. तो सिनेमा चालला, आणि त्यामागोमाग ऑल्डविचचे आणखी फार्स पडद्यावर आले. कॅमेऱ्याने धावपळ केली नाही म्हणून नटांची धावपळ दिसली, इतकी साधी गोष्ट आहे.

उलट 'नॉइजेस ऑफ' हा फार्स बघा. नाटककार मायकेल फ्रेनला १९७० साली स्वतःचंच नाटक विंगेतून बघताना वाटलं की हे समोरून बघण्यापेक्षा मागून जास्त विनोदी आहे. त्यातून पुढे १९८२ चं ते नाटक आलं. (विंगेतून त्याने बघितलेल्या त्या नाटकातही ब्रायर्सच होते, लिन रेडग्रेव्हबरोबर.) विंगेतून बघितलेलं नाटक काय असतं हे मला कुणी सांगायची गरज नाही, मी बटणांवर बोट ठेवून तेच बघत होते. एक बाई रडतेय, एक धावतोय, एक विंगेत बूट बदलतोय, आणि समोर लोकांना फक्त एक दार उघडलेलं दिसतं. त्या नाटकाचा हॉलिवूडने १९९२ साली सिनेमा केला, मोठे नट घेतले, आणि तोही पडला. म्हणून 'नॉइजेस ऑफ' वाईट झालं का? आजही ते पुन्हा पुन्हा लागतं.

आणि आपण! आपण कुणाला नावं ठेवतोय? ब्रँडन थॉमसच्या 'चार्लीज आंट'चे १८९२ पासून लंडनमध्ये सलग १४६६ प्रयोग झाले, आणि तेच अत्र्यांनी आपल्याकडे 'मोरूची मावशी' म्हणून आणलं. विजय चव्हाणांची मावशी आठवा. पदर सावरत ते 'टांग टिंग टिंगा' सुरू व्हायचं आणि सगळं थिएटर त्यांच्या हातात असायचं. काका, मला ते नाटक दाखवायला कुणी नेलं होतं? तुम्ही. मध्यंतरात बटाटेवडा खाताना तुम्ही मला समजावलं होतं की विजय चव्हाण बाईची नक्कल करत नाहीयेत, ते पकडले जाण्याची भीती खेळतायत. तुम्ही सांगितलं होतं हे! मग तेच लंडनच्या टॅक्सीवाल्याला का लागू होत नाही? इंग्रजी आहे म्हणून? की यादीत नाव आलं म्हणून?

मला तुमच्याशी भांडायचं नाहीये, खरंच. सकाळी तुमचं नाव बघितलं नसतं तर एवढं लागलंही नसतं.

२०२० च्या एप्रिलमध्ये सगळं बंद असताना लंडनच्या नॅशनल थिएटरने 'वन मॅन, टू गव्हनर्स' यूट्यूबवर फुकट दाखवलं. २०११ साली भरलेल्या थिएटरात प्रेक्षकांसमोर केलेलं चित्रण. दोन मालकांची नोकरी एकाच वेळी करणारा, पोटात भुकेचा आगडोंब असलेला माणूस, गोल्डोनीच्या जुन्या नाटकावरून बेतलेला. मी घरात एकटी, लॅपटॉपवर. आणि त्या चित्रणात मागे हजार माणसं हसत होती, नट त्या हशासाठी थांबत होते, हशा उतरता उतरता पुढचं वाक्य टाकत होते. आमच्या नळवाल्या गृहस्थासारखेच अगदी. मी मोठ्यांदा हसले, रिकाम्या घरात. लाखो लोकांनी तेव्हा ते पाहिलं. पडदा होताच ना मध्ये? तरी फार्स जिवंत होता, कारण प्रेक्षक कापून टाकले नव्हते.

त्याच नऊ लाख पौंडांत एखादं जुनं थिएटर काही रात्री भाड्याने घ्यायचं होतं. तोच एक दिवाणखाना, दोन फोन, चारी बाजूंना दारं, खुर्च्यांवर खरी माणसं, आणि कॅमेरे बाल्कनीत. डॅनी डायरलाही मी तेव्हा बघायला तयार होते, त्याच्यात ती घाई आहे, भीती आहे, त्याला समोर कुणीतरी हसणारं हवं होतं इतकंच. ज्युडी डेंच त्या रात्री नुसती रंगमंचावर आली असती तरी छप्पर उडालं असतं.

माझ्या भिंतीवर येऊन ज्यांना भांडायचंय त्यांनी जरूर भांडा, पण नाटक वाचून किंवा बघून. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनो, तुमच्या आसपासच्या हौशी मंडळांच्या पाट्या बघत जा, कूनीचं काही ना काही कुठेतरी लागलेलं असतंच, आणि शनिवार रात्रीचं तिकीट काढा, दुपारचं नको. आणि काका, संहिता सॅम्युएल फ्रेंचने छापलेली आहे, मी तुम्हाला पाठवते. दोन रंगांची पेनं घेऊन बसा, विम्बल्डनची वाक्यं एका रंगात, स्ट्रेथमची दुसऱ्या. दुसऱ्या अंकापर्यंत पोचलात की मला फोन करा.